अंतरा कुणी कापला?

मराठीत संगीतावर लिहायचं म्हणजे काय, हे वामनराव देशपांड्यांच्या १९६१ च्या पुस्तकाच्या नावावरूनच कळतं. 'घरंदाज गायकी'. आधी घर पाहिजे, मग घराणं, मग गाणं. पुस्तक चांगलं आहे, मिळालं तर वाचा, मी दोनदा वाचलंय. पण ते मिटल्यावर प्रश्न उरतोच की ज्यांना गावानं घरच वेशीबाहेर बांधायला लावलं, त्यांच्या गाण्याला काय म्हणायचं? पुण्यात तर हा प्रश्न विचारायचीही सोय नाही. इथं १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव होतो. डिसेंबरच्या थंडीत शाली पांघरून लोक ऐकायला बसतात आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कोणाचा निषाद कसा लागला त्याचं कौतुक छापून येतं. येऊ द्या, माझा निषादाशी दावा नाही. पण त्याच डिसेंबरात सहा तारखेला दादरला चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात, शेकडो नवी गाणी त्या फुटपाथवर विकली जातात, वाजतात, पाठ होतात. त्यातल्या एका गाण्याचा निषाद कसा लागला हे आजवर कोणत्या पेपरानं छापलं?

हे झालं त्यांचं. आता आपलं. आपण तरी कुठं लिहिलं? कवितेवर लिहिलं, आत्मकथनावर लिहून लिहून शाई संपवली, कथेतल्या विद्रोहावर परिसंवाद घेतले. गाण्याला मात्र आपण परिसंवादाच्या आधी दहा मिनिटं ठेवलं, लोक जमेपर्यंत. गाणं बाबासाहेबांवर आहे ना, मग ते चांगलंच, हा आपला निकष. मित्रांनो, हा निकष समीक्षेचा नाही, आरतीचा आहे. आरतीत कुणी सूर तपासत नाही. आणि ज्या बाबासाहेबांनी व्यक्तिपूजेवर कोरडे ओढले त्यांच्यावरच्या गाण्याला हा नियम लावायचा म्हणजे कमाल झाली.

अपवाद आहेत. विद्यापीठात शर्मिला रेगे होत्या. २०१३ साली त्या गेल्या. दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर विकल्या जाणाऱ्या पुस्तिका आणि कॅसेटी हा ज्ञानाचा व्यवहार आहे असं त्यांनी मांडलं. पण ते इंग्रजीत, आणि ते समाजशास्त्र. मला सूर-तालाबद्दल बोलायचंय. मी कुणी गवई नाही. जुन्या बाजारात बुधवार-रविवार फिरून घासलेल्या तबकड्या आणि गुंतलेल्या कॅसेटी गोळा करणारा माणूस आहे, आणि आता बाकी सगळ्यांसारखा मोबाईलवरही ऐकतो. हा लेख ऐकणाऱ्याचा आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटं मावायची. भीमराव कर्डकांचा जलसा १९३० नंतरच्या दशकात गावोगाव रात्रभर चालायचा. त्यात गाणं होतं, संवाद होते, सवाल-जवाब होते, भटजीची टिंगल होती. ते सगळं तबकडीत मावणं शक्य नव्हतं. तबकडीनं मुखडा घेतला, दोन-तीन अंतरे घेतले आणि बाकी जलसा बाहेर ठेवला. मग कॅसेट आली. १९८३ साली टी-सीरीज निघाली, कॅसेट स्वस्त झाली, टू-इन-वन झोपडीत पोचला. एका बाजूला अर्धा तास! कव्वालीचा सामना पुन्हा मावायला लागला, शाहीर पुन्हा बोलायला लागला. त्यानंतर सीडी, त्यानंतर कोरेगाव भीमाला एक जानेवारीच्या स्टॉलवर मिळणारं शेकडो गाणी भरलेलं मेमरी कार्ड, आणि आता यूट्यूब. आज अल्बम नावाची वस्तू आपल्यात उरलेलीच नाही. मार्च लागला की जयंतीचा हंगाम सुरू होतो. एकेक सुटं गाणं पडतं, आंब्याच्या पेटीसारखं. चौदा एप्रिलपर्यंत भाव, मग पुढच्या मार्चपर्यंत विचारतो कोण?

तर आता माझं मुख्य भांडण.

वामनदादा कर्डकांचं कोणतंही गाणं घ्या. मुखडा सोपा असतो, टाळ्या घेतो, सगळ्यांच्या तोंडी बसतो. पण दादा खरं काम करतात ते अंतऱ्यात. अंतऱ्यात हिशेब असतो. कुणाकडं किती जमीन, कुणाच्या हातात किती पैसा, आपल्यातला पुढारी कुठं विकला गेला, शिकलेला पोरगा वस्ती विसरून कुठं राहायला गेला. पहिल्या अंतऱ्यात प्रश्न, दुसऱ्यात पुरावा, तिसऱ्यात चपराक. आणि दर वेळी मुखड्यावर परत आलं की तोच मुखडा जरा वेगळा ऐकू येतो, कारण मधे काहीतरी सिद्ध झालेलं असतं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या, कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या माणसाची ही युक्तिवादाची पद्धत आहे. याला सौंदर्यशास्त्र म्हणतात, लेका! हे शब्द फक्त मर्ढेकरांसाठी राखून ठेवलेले नाहीत.

आता हेच गाणं डीजेवर ऐका. मुखडा. मग ठोका. मग मुखडा. मग शिट्टी, सायरन, कुणातरी मंडळाचं नाव, पुन्हा मुखडा. अंतरा गायब! सगळा युक्तिवाद कापून टाकला आणि घोषणा तेवढी ठेवली. चार मिनिटांच्या गाण्यातली चाळीस सेकंदं दहा वेळा फिरवली. पोरं नाचतात, नाचू देत, नाचण्याला माझा विरोध नाही. ज्यांच्या आज्याला गावच्या रस्त्यावर सावली सांभाळत चालावं लागलं त्यांनी वर्षातून एक दिवस रस्ता अडवून नाचलंच पाहिजे. आणि जे संपादक चौदा एप्रिलला डेसिबल मोजतात त्यांचं यंत्र गणपतीच्या विसर्जनाला कुठं असतं? पुण्याची विसर्जन मिरवणूक चोवीस तासांवर जाते, तेव्हा तो 'वैभवशाली परंपरे'चा आवाज असतो. तो वाद वेगळा आणि त्यात मी पोरांच्या बाजूनं आहे. माझं म्हणणं एवढंच की त्यांच्या गाण्यात कापण्यासारखं काही नव्हतं म्हणून कापलेलं कळत नाही. आपल्या गाण्यात होतं.

काहीजण म्हणतात, भीमगीतांच्या चाली सिनेमातून उचललेल्या, त्यात काय संगीत? हे फार ऐकलंय. यावर एक गोष्ट सांगतो. १९७२ साली पँथर हे नाव आपण अमेरिकेतून घेतलं. तिथल्या पँथरांचा स्वतःचा एक बँड होता, 'द लंपेन'. १९७० च्या सुमारास कॅलिफोर्नियात ही चार पोरं पक्षाचं काम करायची आणि स्टेजवर जायची. काय गायची? त्या वेळी रेडिओवर गाजणारी सोल संगीताची गाणी, चाल तीच, शब्द क्रांतीचे. म्हणजे आपले कव्वाल जे करत होते तेच. लोकांच्या कानात चाल आधीच आहे, तिला नवी ओळ शिकवायची. छपाईला पैसा नाही, शिकवायला शाळा नाही, अशा वेळी याच्याइतकं शहाणपणाचं तंत्र दुसरं नाही. चाल उसनी असली की शब्द एका रात्रीत पाठ होतात. उसन्या चालीची लाज नको. वाईट एवढंच की आज चाल उसनी आणि शब्दही उसने झालेत. 'वाघ', 'किंग', 'बाप', 'नाद करायचा नाय' हे शब्द उद्या दुसऱ्या कुठल्याही महापुरुषाच्या गाण्यात जसेच्या तसे बसतील, आणि बसवतातही. स्टुडिओत नाव तेवढं बदलतात.

हंगामातल्या आवाजांपैकी एकाबद्दल मात्र नीट बोललं पाहिजे, आदर्श शिंदे. प्रल्हाद शिंद्यांचा नातू, आनंद शिंद्यांचा मुलगा. २०१९ साली सुरू झालेल्या बाबासाहेबांवरच्या मालिकेचं शीर्षकगीत त्यानं गायलं, आणि तेव्हापासून ते प्रत्येक जयंतीला आहेच. आवाजाची ताकद घरातली आहे, वरच्या पट्टीत गेला तरी चिरकत नाही. पण आजोबांचा आवाज आठवा. प्रल्हाददादांच्या आवाजात एक खरखर होती, घशाला कोरड पडल्यासारखी, आणि शब्द ते टाकायचे ढोलकीच्या जरा मागून. त्यामुळं ऐकणाऱ्याला वाट पाहावी लागायची. आदर्शच्या गाण्यात वाट पाहणं नाही. सगळं जागच्या जागी, चकचकीत, मशीननं बसवलेलं. त्याला दोष द्यावा तर तोही पुरता नाही. आजचं रेकॉर्डिंगच तसं आहे, आधी ठोका ठेवतात आणि मग त्यावर माणूस उभा करतात.

प्रल्हाददादांवरून आपल्यात नेहमी एक वाद निघतो. भीमगीतं गाणारा माणूस सत्यनारायणाची कथा, विठोबा आणि गणपती कसा गातो? मला या वादात दुसरीच मजा दिसते. पुण्यातल्या ज्या वाड्यांत प्रल्हाद शिंद्यांना पाण्याचा पेला मिळाला असता की नाही कोण जाणे, त्या वाड्यांत गणपतीचे दहा दिवस त्यांचा आवाज सकाळी सहापासून देवघरात बसलेला. पूजेला सोवळं लागतं, आवाजाला लागत नाही. कंपनीनं सांगितलं, त्यांनी गायलं, पोट भरलं. शिव्या द्यायच्याच तर घराच्या मालकाला द्या. ज्याचा आवाज चालतो पण माणूस चालत नाही, त्या माणसाला देऊ नका. वामनदादा आणि प्रल्हाददादा दोघेही २००४ साली गेले, महिनाभराच्या अंतरानं. त्या उन्हाळ्यात आपलं केवढं संगीत गेलं त्याची मोजदाद अजून झालेली नाही.

आता एक गोष्ट, जी कोणत्याही संगीतसमीक्षेच्या पुस्तकात सापडणार नाही. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत एका तरुण पोराचा खून झाला. कारण मोबाईलची रिंग. रिंगटोन बाबासाहेबांवरच्या गाण्याची होती, ती वाजली, बाजूच्या टेबलावरच्यांनी बंद कर म्हटलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. गाण्याचं मोल ठरवताना घरंदाज समीक्षक रसनिष्पत्ती पाहतात. आमच्याकडं गाणं काही सेकंद वाजण्याची किंमत एक जीव अशी झालेली आहे. म्हणून मी या गाण्यांबद्दल कडक बोलतो. ज्या गाण्यासाठी माणूस मेला ते नुसतं जोरात असून भागत नाही, ते चांगलं असलं पाहिजे.

त्याच्या पुढच्या वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, 'सैराट' आला. अजय-अतुलनं त्याचं संगीत अमेरिकेत हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मोठा वाद्यवृंद बसवून मुद्रित केलं. मराठीत कुणी न केलेली गोष्ट. करमाळ्याच्या विहिरीत उडी मारणाऱ्या पोराच्या मागं पन्नास व्हायोलिनं का नसावीत? असावीत. आजवर ती फक्त श्रीमंताच्या प्रेमामागंच वाजत आली. इथवर मी खूष. पण पुढं काय झालं बघा. 'झिंगाट' लग्नात वाजलं, गणपतीत वाजलं, आपल्या जयंतीतही वाजलं, आणि ज्यांच्या घरात आर्चीला आणि परश्याला जिवंत ठेवलं नसतं त्यांच्या वरातीतही वाजलं. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात कोपर्डीनंतर जे प्रचंड मोर्चे निघाले त्यांत ॲट्रॉसिटी कायदा बदला अशी मागणी होती. गाणं सगळ्यांचं झालं आणि सिनेमा कुणाचाच राहिला नाही. 'सैराट'चा शेवट आठवा. लहान मूल, रक्ताची पावलं, आणि आवाजच नाही. पार्श्वसंगीत काढून घेतलंय. माझ्या मते त्या अख्ख्या चित्रपटातला संगीताचा सर्वात मोठा निर्णय तोच. पण शांतता अल्बमवर विकता येत नाही. जे विकत मिळालं ते 'झिंगाट'.

हिंदीतही हाच कारभार. 'गली बॉय' २०१९ साली आला, धारावीच्या रॅपवर. त्यात 'आझादी'ची घोषणा गाणं म्हणून घेतली. विद्यापीठांतून ही घोषणा दिली जात होती तेव्हा तिच्यात मनुवाद होता, ब्राह्मणवाद होता. गाण्यात आली तेव्हा भूक राहिली, गरिबी राहिली, ते दोन शब्द गळाले. बघा, अंतरा कापायला डीजेवालाच लागतो असं नाही.

आता पुण्याकडं येऊ. पुण्यातून या काळात जो सगळ्यात गाजलेला अल्बम निघाला तो सदाशिव पेठेतून निघाला नाही. तो ताडीवाला रोडवरून निघाला. स्टेशनच्या मागची वस्ती, आपले आणि मुसलमान भिंतीला भिंत लावून. एम सी स्टॅन, १९९९ चा जन्म, २०२० साली अल्बम काढला, नाव 'तडीपार'. नावाचा अर्थ वस्तीत सांगावा लागत नाही. १९५१ च्या पोलीस कायद्यानं पोलिसाला दिलेला अधिकार: माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालवता येतं, त्यासाठी गुन्हा कोर्टात शाबीत व्हावा लागत नाही. निवडणूक आली, गणपती आले की नोटिसा निघतात. या कागदाचं नाव एका वीस-एकवीस वर्षांच्या पोरानं अल्बमला दिलं आणि देशभरच्या पोरांनी ते तोंडात घोळवलं. हे मला फार मोठं वाटतं. त्याची ठेक्याची रचना तो स्वतः करतो, आवाज मशीनमधून असा ताणतो की तो रडतोय की चिडवतोय कळू नये. भाषा म्हणजे स्टेशनमागची हिंदी, जिच्यात मराठी बिनधास्त घुसलेली. 'शेमडी' हा आपला नाक पुसायचा शब्द त्यानं टीव्हीवरून दिल्लीपर्यंत पोचवला. २०२३ च्या फेब्रुवारीत तो 'बिग बॉस' जिंकला तेव्हा ताडीवाला रोडवर कुणी त्याच्या गळ्यातल्या सोन्याला हसलं नाही.

पण ऐकताना काय हाती लागतं? गाण्यामागून गाणं तो सांगतो की मी खालून आलो, माझ्यावर हसले, आता बघा. ठीक. दहाव्यांदा सांगितल्यावर मी विचारतो, भाऊ, खाली कुणी ठेवलं होतं? याचं उत्तर 'तडीपार'मध्ये नाही, २०२२ च्या 'इन्सान'मध्येही मला सापडलं नाही. शत्रू म्हणून दुसरा एखादा रॅपर सापडतो, नाहीतर बाई सापडते. बाईबद्दल तो जे बोलतो ते वस्तीतल्या आपल्या बहिणींना रोज नळावर ऐकावं लागतं, त्यात नवं काय? विद्रोह शिवीत असतो असं मानणारी एक पिढी आपल्याकडंही होऊन गेली. त्या कवितेत शिवी वरच्या मजल्याकडं फेकलेली होती. इथं ती शेजारच्या दाराकडं फेकली जाते. अमेरिकेतल्या केंड्रिक लमारचं उदाहरण देतो. तोही अशाच वस्तीचा, शिव्या त्याच्याही तोंडी. पण तो 'मी' म्हणता म्हणता 'आम्ही'वर येतो, आणि स्वतःलाही सोडत नाही. २०१८ साली त्याच्या 'डॅम' या अल्बमला संगीताचं पुलित्झर मिळालं. शास्त्रीय आणि जाझ सोडून दुसऱ्या कुठल्या संगीताला ते मिळण्याची ती पहिली वेळ. स्टॅनकडं कान आहे, ठेका आहे, शब्द तर आहेतच. 'आम्ही' नाही. वय त्याच्या बाजूचं आहे. बघू.

'आम्ही' म्हणणारी रॅपर पोरं आहेत, पण त्यांना सोनं नाही. मुंबईच्या 'स्वदेशी' मंडळीनं २०१९ मध्ये वारल्यांवरचं गाणं केलं, त्यात आरेच्या जंगलातले प्रकाश भोईर स्वतः गातात. पोरं शहरी, पण मधे माईक दुसऱ्याला दिला, ही समज मोठी. त्यांच्यातलाच अमरावतीचा सौरभ अभ्यंकर वऱ्हाडी तोंडानं असा सपासप बोलतो की पुणेरी मराठी पुळचट वाटायला लागते. त्याचं एकट्याचं पूर्ण लांबीचं काम आलं की त्याच्यावर वेगळं लिहीन.

पंजाबची गिन्नी माही ऐकली असेल तुम्ही. जालंधरची पोरगी. तिकडं २००९ साली व्हिएन्नात संत रामानंदांचा खून झाला, त्यानंतर रविदासी पोरांनी जातीचं नाव छातीवर लिहून गाणी काढली. गिन्नीचं २०१६ चं 'डेंजर चमार' त्याच लाटेतलं. आवाज खणखणीत, हिंमत त्याहून. आपण इकडं १९५६ साली ते नावच टाकून दिलं आणि तिकडं त्याच नावाचा झेंडा केला. मला यात अडचण दिसते ती आधी संगीतातच. जाट पोरांच्या ज्या मर्दानी भांगड्याला हे उत्तर आहे, त्याच भांगड्याचा ठोका, तीच ललकारी, तोच डौल. उत्तर देताना समोरच्याचं वाद्य, समोरच्याचा सूर घेतला की ऐकणाऱ्याला फक्त नाव बदललेलं ऐकू येतं. 'जातीचा उच्छेद' वाचलेल्या माणसानं यावर थांबून विचार करावा.

सगळ्यात जास्त वेळ मला लागला तो तमिळ पोरांवर. भाषा कळत नाही. खडकीत एक तमिळ दोस्त आहे, दारूगोळा कारखान्यातल्या कामगाराचा मुलगा. त्याला घेऊन बसलो, ओळ ओळ समजून घेतली. पा. रंजित या दिग्दर्शकाच्या पुढाकारानं 'कास्टलेस कलेक्टिव्ह' उभं राहिलं, जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत पहिला कार्यक्रम झाला. नाव आलंय अयोथी दास पंडितांच्या 'जातीविना तमिळ' या कल्पनेवरून. बाबासाहेबांच्याही आधी तिकडं बौद्ध धम्माकडं वळलेला हा माणूस. स्टेजवर एकोणीसजण. चेन्नईच्या झोपडपट्टीतला गाना, गिटार, रॅप, आणि मधे परई. परई म्हणजे आपल्या हलगीची थोरली बहीण. मयताला वाजवायचं वाद्य, वाजवणारा अस्पृश्य, इंग्रजीतला 'परिया' हा शब्दच तिच्यावरून. त्यांनी ती परई मधोमध उभी केली आणि गिटारवाल्याला सांगितलं, तू हिच्या मागं चाल.

इथं माझी गोची होते, आणि तुमचीही व्हावी अशी इच्छा आहे. आपल्याकडं इतिहास उलटा. गावकीचं वाजवणं, मेलेली ढोरं ओढणं, येसकरकी सगळं आपण झुगारलं. पठ्ठे बापूराव आणि पवळेच्या तमाशाचा पैसा बाबासाहेबांनी नाकारला असं सांगतात. आपल्या बाईला नाचवून आलेला पैसा चळवळीला नको. निर्णय बरोबर होता. वाद्य वाईट नसतं, पण ते वाजवण्याची सक्ती मोडायची तर आधी वाद्य खाली ठेवावं लागतं. पण खाली ठेवलेलं पुन्हा उचलायचं कधी? हलगी आपण ठेवली, मातंग बांधवांनी ती पोटासाठी वाजवत ठेवली, आणि आज ती पडद्यावर 'फँड्री'त कडाडली की आपल्या अंगावर काटा येतो. मग आपल्या जयंतीच्या नव्या गाण्यांत ती कुठं आहे? मशीनमधून काढलेला तिचा आवाज आहे. हलगीवाला नाही. त्या पोराला मिरवणुकीत पाचशे रुपयांवर बोलावतात आणि डीजे आला की बाजूला उभं करतात.

त्याच तमिळ कळपातला अरिवू. २०१९ चा त्याचा 'तेरुक्कुरल' ऐका, कायदा, आरक्षण, नागरिकत्व सगळं त्यात आहे आणि तरी ते भाषण होत नाही, कारण तो श्वास कुठं घ्यायचा ते जाणतो. मग मार्च २०२१ मध्ये आलं 'एन्जॉय एन्जामी'. ते तुम्ही नाचलायत. त्यात त्याची आजी आहे, वल्लियम्मा. सिलोनच्या चहामळ्यात राबलेली आणि परत आल्यावर हाती काही नसलेली. शब्द अरिवूचे. गाणं जगभर गेलं. त्या ऑगस्टमध्ये एका मोठ्या संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर धी ही गायिका आली, दुसरा एक रॅपर आला, अरिवू नाही. पा. रंजितनं जाहीर विचारलं तेव्हा त्याचं वेगळं मुखपृष्ठ निघालं, छापील नाही, पडद्यावरचं. आणि २०२४ मध्ये त्याच गाण्याचे संगीतकार संतोष नारायणन म्हणाले की या गाण्याचा पैसाच आम्हा कुणाला मिळाला नाही. कोट्यवधी लोकांनी ऐकलेलं गाणं! त्याच वर्षी अरिवूनं स्वतःचा अल्बम काढला, नाव ठेवलं 'वल्लियम्मा पेरांडी'. म्हणजे वल्लियम्माचा नातू. मुखपृष्ठावरून काढलेल्या माणसानं आजीचं नाव शीर्षकातच घातलं, आता काढा म्हणावं.

हे पैशाचं, नावाचं प्रकरण आपल्यालाच लागू आहे. २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला, गीतकार-संगीतकारांचा मानधनातला हक्क पक्का झाला. कागदावर. यूट्यूबवर एका चॅनेलनं वामनदादांचं गाणं टाकलंय, खाली गीतकाराच्या जागी लिहिलंय 'पारंपरिक'. दोन वेळा कळवलं, उत्तर नाही. जो माणूस २००४ पर्यंत हयात होता, आपल्या घरोघर जेवला, तो पारंपरिक झाला! जाहिरातीचे पैसे मात्र पारंपरिक नाहीत, ते दर महिन्याला कुणाच्या तरी खात्यावर जातात. औरंगाबादच्या कडूबाई खरात एकतारीवर गातात, त्यांना लोकांनी मोबाईलवर टिपून घरोघर पोचवलं. जयंतीच्या हंगामात मला सगळ्यात खरा आवाज त्यांचा वाटतो, एक तार आणि एक गळा, अंतरा पूर्ण. पण त्यांच्या त्या व्हिडिओंवर कमाई कुणाची झाली हे कुणी विचारलं?

आणि पुण्याचा एक अल्बम असाही आहे की जो दुकानात मिळत नाही, यूट्यूबवरही धड नाही. २००२ साली गुजरातनंतर याच शहरात कबीर कला मंच उभा राहिला. कासेवाडीची शीतल साठे त्यातली. तिचा आवाज आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड'मध्ये ज्यांनी ऐकला ते विसरलेले नाहीत. मंचाच्या राजकारणाशी माझे मतभेद आहेत, ते मी त्यांच्या तोंडावर मांडलेत. पण ढोलकी, डफ आणि चार गळ्यांत त्यांनी कोरस जसा उभा केला, एकानं ओळ अर्धी टाकायची आणि बाकीच्यांनी ती उचलून वरच्या पट्टीत न्यायची, तसा या शहरात दुसऱ्या कुणी केला नाही. २०११ पासून अटका, २०१३ ला विधानभवनासमोर स्वाधीन होणं, २०२० च्या सप्टेंबरात एल्गार प्रकरणात पुन्हा तिघांना अटक. गाणाऱ्यांची सगळ्यात कसदार वर्षं अशी गेली. त्या वर्षांतलं मुद्रण कुठून आणणार?

जे मुद्रित आहे ते तरी धरून ठेवू. जुन्या बाजारात कॅसेटी मिळतात पण वेष्टणं फाटलेली असतात, आणि नावं वेष्टणावरच असतात. श्रावण यशवंते, नागोराव पाटणकर, गोविंद म्हशीलकर अशी मोठी नावं कशीबशी टिकली. पण ढोलकी कुणाची, हार्मोनियम कुणाचं, कोरसला बायका कोण, हे गेलं. तुमच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत, आजोबांच्या खोक्यात जुन्या भीमगीतांच्या, कव्वालीच्या कॅसेटी किंवा तबकड्या असतील तर आधी वेष्टण बघा. त्याच्यावरची सगळी नावं, अगदी बारीक अक्षरातलीही, कंपनी आणि क्रमांकासकट वहीत उतरवा आणि या अंकाच्या पत्त्यावर पाठवा. कॅसेट पाठवू नका, टपालात फुटते. ढोलकीवाला ओळखीचा असेल, जिवंत असेल, तर त्याला जाऊन विचारा की त्या मुद्रणाचे किती मिळाले होते, आणि तेही लिहा.